अण्णाचं एक गाणं

१९७२चा दुष्काळ सरला, पुढच्या साली कांद्याचे चार पैसे हातात आले, तेव्हा आजोबांनी रेडिओ घ्यायचं मनावर घेतलं. मीना नदीच्या काठचं आमचं गाव नारायणगावच्या बाजारापासून चालत तासाभरावर. आजोबा आणि थोरले काका बैलगाडीने बाजाराला गेले आणि येताना मर्फीचा ट्रान्झिस्टर घेऊन आले. गाडीच्या हिसक्यांनी त्याला काही होऊ नये म्हणून काकांनी तो सारी वाट मांडीवर धरला होता. घरात तेव्हा आम्ही अकरा पोरं होतो. सख्खी, चुलत आणि सुटीत घोडेगावहून येणारी आतेभावंडं धरून. रेडिओ ओसरीवरच्या फळीवर बसला. आजीने त्याला क्रोशाचं झाकण विणलं. दरसाल पोस्टात लायसनचे पैसे भरायचे, त्याचं पुस्तक आजोबा सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत ठेवत. सेल मंदावले की ते काढून अंगणात उन्हाला मांडायचे हे काम आम्हा पोरींचं. उन्हाने सेल खरंच तरतरीत होत की आम्हालाच तसं वाटे, कोण जाणे, पण संध्याकाळी आवाज मोठा यायचा.

आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३मध्ये सुरू झालं. आमच्याकडे रेडिओ आला तो वीस वर्षांनी, पण काकूच्या माहेरी, जुन्नर शहरात, तो फार आधी ऐकलेला होता. १९५५ ते ५६ असं वर्षभर ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत अशा रीतीने पुणे केंद्रावरून झालं. गल्लीत एकाच घरी रेडिओ, आणि त्या घराच्या पायऱ्यांवर बायाबापड्या हात जोडून बसत. काकू हे सांगताना आजही तशीच हात जोडते. तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं की गाणाऱ्याचं तोंड न बघता गाणं ऐकायचं हेच तेव्हा लोकांना नवल वाटे. सुधीर फडके यांचा आवाज घरोघर पोहोचला, पण ते दिसतात कसे हे त्या पायऱ्यांवरच्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात रेडिओचे वाटे पडलेले होते. सकाळची भक्तिगीतं आजीची. दुपारचं ‘वनिता मंडळ’ आई आणि काकूंचं. धान्य निवडताना, कांदा चिरताना. संध्याकाळची ‘कामगार सभा’ काकांची. शेतीच्या कार्यक्रमाला आजोबा सोडून कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. आणि बुधवारी रात्री आठला आमची, म्हणजे पोरांची, ‘बिनाका गीतमाला’. रेडिओ सिलोन पकडायला थोरला आतेभाऊ काटा केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. समुद्राच्या लाटेसारखा आवाज वर-खाली व्हायचा आणि त्यातून अमीन सायानी बोलू लागायचे. कुठलं गाणं कितव्या पायरीवर हे तो आतेभाऊ दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचा.

त्या पायऱ्या ठरायच्या कशा, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. देशभरातल्या दुकानांत कुठल्या गाण्याच्या किती तबकड्या खपल्या त्यावरून, आणि श्रोता संघांच्या पत्रांवरून. आमच्या पंचक्रोशीत ग्रामोफोन दोन-चार घरांत. तबकडी विकत घेणारं माणूस मी लहानपणी पाहिलेलं नाही. म्हणजे आम्ही अकराजण जीव लावून ऐकत होतो, पण आमची आवड त्या मोजणीत कुठेच नव्हती. ज्या गायकाचं गाणं आम्ही भाकरी थापताना, पाणी शेंदताना, गुरांमागे गायलो, त्याला आमच्याकडून एक पैसाही गेला नाही. हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं. अण्णाच्या गाण्याचं जे झालं त्यानंतर सुचू लागलं.

अण्णा आमचा सगळ्यांत थोरला चुलतभाऊ. वयाने मोठा असला तरी आम्ही त्याला अरेतुरेच करतो. त्याच्याकडे यायच्या आधी मला तमाशाचं सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडे गाण्याचा पैसा म्हणजे तमाशाचा पैसा.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या ओळीने लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत गादीवर मालक किंवा व्यवस्थापक, आणि गावोगावचे कारभारी चप्पल बाहेर काढून आत येतात. तारीख कुठली, कलावंत किती, नाचणाऱ्या किती, वग कुठला, असं बोलणं होतं आणि सुपारी ठरते. चैत्र-वैशाखात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, पारनेर या सगळ्या पट्ट्यात गावोगाव यात्रा. सुपारीचा पैसा गावच्या पट्टीतून येतो. घरटी किती द्यायची ते देवळाच्या ओट्यावर बसून ठरतं आणि वहीत लिहिलं जातं. आजोबांचं नाव त्या वहीत चौथं असायचं. आमच्या घरातून गाणाऱ्याला रोख पैसा गेला तो या एकाच वहीतून.

आम्हा मुलींना रात्रीच्या तमाशाला जायची मुभा नव्हती. पोरं घोंगडी घेऊन जायची, आम्ही माळवदावर अंथरूण टाकून आवाज ऐकायचो. वारा आमच्या बाजूने असला तर गण, गवळण सगळं स्पष्ट. वारा फिरला की नुसती ढोलकी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा आवाज मी आधी असा ऐकला, चांदण्यात, शेतापलीकडून. आई झोपल्याचं सोंग करून पडलेली असायची. तिचं पाऊल गोधडीखाली ठेक्यावर हलायचं हे मला दिसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे हजेरी असे, ती मात्र बायकांना ओसऱ्यांवरून बघता यायची. रात्रभर जागलेल्या त्या बाया उन्हात पुन्हा उभ्या राहायच्या आणि गायच्या.

लावणी घरात आली ती रेडिओने. सुलोचना चव्हाण यांची लावणी लागली की काकू आवाज लहान करायची, बंद मात्र करायची नाही. सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन गातात हे कुणीतरी तिला सांगितलं होतं आणि त्याचा तिला फार आधार वाटे. जी गोष्ट बघायला घरातल्या बाईने जाऊ नये असं सगळे म्हणत, ती रेडिओने तिच्या चुलीपाशी आणून ठेवली. माझं स्पष्ट मत आहे की रेडिओने गाणाऱ्यांचं जे भलं केलं त्यातलं सर्वांत मोठं हे: त्याने बायकांचे कान मिळवून दिले. अर्धा महाराष्ट्र, जो कधी तंबूत जाणार नव्हता, तो श्रोता झाला.

पण त्याच रेडिओने एक भेदही केला. तबकडी आणि रेडिओ ज्यांच्या वाट्याला आले त्यांचा आवाज कपाटात राहिला. बोर्डावर गाणाऱ्यांचा हवेत गेला. विठाबाईंना १९९०मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि २००२च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा त्यांची अखेरची वर्षं हलाखीत गेलेली होती. ज्या बाईच्या नावावर गावं वेडी झाली, यात्रांच्या तारखा अडून राहिल्या, त्या बाईला म्हातारपणी रोज थोडाथोडा येणारा पैसा नव्हता. उभं राहून नाचता आलं तोवर सुपारी, पुढे काही नाही. सुलोचनाबाईंना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. दोघींनीही लावणीला आयुष्य दिलं. दोघींच्या गाण्याची वाट मात्र निराळी होती, आणि तो फरक गळ्याचा नव्हता.

फडांनाही रेडिओकडे कान लावून बसावं लागे. नवीन पिक्चरचं गाणं रेडिओवर गाजलं की पुढच्या यात्रेत त्याची फर्माईश ठरलेली. वगाच्या आधीच्या रंगबाजीत ते गाणं नसेल तर लोक उठून जायचे आणि पुढल्या साली सुपारी कमी व्हायची. ढोलकीवाला आणि पेटीवाला मुक्कामाला कुणाच्या तरी ओसरीवर रेडिओपाशी बसून चाल उतरवून घ्यायचे. आमच्याही ओसरीवर एकदा बसले होते. आजीने त्यांना चहा दिला, आणि एकाने पेटीच्या सुरावर गाणं असं हुबेहूब धरलं की रेडिओ बंद केल्यावरही ते चालूच आहे असं वाटलं.

धाकटे काका मुंबईला डबेवाले. आमच्या भागातल्या कित्येक घरांचे एक-दोन पुरुष डब्यावर असतात, तसे तेही. ऐंशीनंतर कधीतरी त्यांनी टू-इन-वन आणला. रेडिओ आणि टेप एकत्र. त्या दिवशी फळीवरचा मर्फी खाली आला आणि माजघरात गेला.

कॅसेटने सगळं उलटंपालटं केलं. तबकडी महाग, तिचं यंत्र महाग. कॅसेट स्वस्त, आणि कुणीही काढावी. आकाशवाणीवर गायचं तर स्वरपरीक्षा, श्रेणी, करार. कॅसेटला यातलं काही लागत नव्हतं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज काकड आरतीआधी देवळाच्या कर्ण्यावर लागायचा, आणि त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं जीपमध्ये, रसवंतीवर, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर. ते गाणं आमच्या रेडिओवर लागलेलं मला आठवत नाही. त्याला रेडिओची गरजच पडली नाही. गाण्याचा आकारही बदलला. जुन्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून लावणीची कडवी छाटली जात. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका अंगाला अर्धा तास. मग एका कॅसेटला आठ-दहा गाणी, त्यातलं एक चाललं तरी बाकीची त्याच्या पाठीवर बसून घरोघर.

याच लाटेत अण्णाचं गाणं निघालं. १९९४ असेल. अण्णा गावच्या भजनी मंडळात गायचा. रेडिओच्या स्वरपरीक्षेचा फॉर्म त्याने आणला होता, भरला नाही; “आपल्याला राग कुठं सांगता येतोय,” म्हणाला. थापलिंगच्या खंडोबावर त्याने स्वतः एक गाणं रचलं, चालही त्याचीच. आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळचा तो डोंगर, पौष पौर्णिमेची यात्रा, नवसाचे बैलगाडे. शर्यतीच्या घाटात बैल सुटले की जो पुकारा उठतो तो त्याने धृपदात बसवला होता. यात्रेत कुणीतरी ते ऐकलं आणि त्याला एका कॅसेट कंपनीकडे नेलं. दीड दिवसात आठ गाणी भरली. हातात थोडी रोख रक्कम आणि शंभर कॅसेटी. एका कागदावर सही. कागद इंग्रजीत होता. घरी आला तेव्हा काकूने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कॅसेटच्या कव्हरवर अण्णाचा फेटा बांधलेला फोटो होता. आम्ही सगळ्या बहिणींनी सासरी एकेक नेली.

गाणं चाललं. पौषात थापलिंगला जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोत ते वाजायचं. कंपनीने किती कॅसेटी काढल्या, किती विकल्या, अण्णाला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. त्याचा फायदा झाला तो वेगळाच: आजूबाजूच्या यात्रांमधून, जागरण-गोंधळातून बोलावणी येऊ लागली. पाच-सहा वर्षं त्याने त्या बिदागीवर पोरांची शाळेची फी भरली. नारळ, टोपी, उपरणं आणि पाकीट. गाणं कॅसेटवर फुकट गेलं असेल, पण कॅसेटमुळे पाकीट आलं, एवढा हिशेब त्याला पुरेसा होता.

नव्वदीनंतर आम्ही बहिणी पुण्या-मुंबईला पांगलो. खासगी एफएम आलं. २००२मध्ये वैशाली सामंत यांचं ‘ऐका दाजिबा’ टीव्हीवर गाजलं तेव्हा शेजारच्या अमराठी बायका मला त्याचा अर्थ विचारायच्या आणि मी फुलून जायचे. पण एफएमवर मराठी गाणं क्वचित. मराठी लावलं की वाहिनीची पत घसरते, असं बोललं जायचं; ते ऐकून संगीतकार कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या कवितेला चाल लावून, लोकवर्गणी जमवून, चारशेहून अधिक गायकांकडून २०१०मध्ये मराठी अभिमानगीत करवलं. महाराष्ट्रात मराठी गाणं रेडिओवर लागावं म्हणून वर्गणी काढावी लागली, ही गोष्ट मला अजून बोचते. यात्रेच्या पट्टीची वही मला त्या वेळी आठवली होती.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ‘नटरंग’ आला. अजय-अतुल यांचं बालपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांमुळे जुन्नर, घोडेगाव, राजगुरुनगर, शिरूर असं आमच्याच मुलखात गेलं, म्हणून त्यांचं काही गाजलं की आमच्या घरात सगळ्यांचे फोन सगळ्यांना जातात. घोडेगावची आत्या तर ती पोरं जणू तिच्या अंगणात खेळली असावीत अशा थाटात बोलते. त्या वर्षी बेला शेंडे यांच्या लावण्या लोकांच्या कॉलर ट्यूनवर होत्या आणि चैत्रात एकही फड त्या लावण्यांशिवाय उभा राहू शकत नव्हता. तमाशावरचा पिक्चर, त्याचं गाणं फोनवर, आणि फोनवरचं गाणं परत तमाशात. माझी आई तेव्हा सत्तरीची. गावच्या यात्रेत ती पहिल्यांदा खुर्ची टाकून तमाशापुढे बसली. कुणी तिला काही म्हणालं नाही.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला आला. ऐन यात्रांचे दिवस. गावात इंटरनेट नावालाच, तरी आठवड्यात प्रत्येकाच्या फोनमध्ये चारही गाणी होती. नारायणगावला, मंचरला स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपयांत दुकानदार ते गच्च भरून द्यायचा. अण्णाचं गाणंही त्या दुकानदाराकडे होतं, ‘खंडोबा स्पेशल’ नावाच्या फोल्डरमध्ये. पुतण्याने हौसेने विचारलं, हे कुणी गायलंय? दुकानदाराला माहीत नव्हतं. कॅसेटच्या कव्हरवर निदान फेट्यातला फोटो होता. मेमरी कार्डावर अण्णाचं नावही उरलं नाही. त्या काही वर्षांत गाणं ऐकणाऱ्याने पैसे दिले, पण ते सगळे दुकानदाराला. गाणाऱ्यासाठी याहून वाईट काळ मला आठवत नाही.

‘सैराट’नंतर चार महिन्यांनी, सप्टेंबर २०१६मध्ये, जिओ आलं. फुकट डेटाने मेमरी कार्डाचं दुकान वर्ष-दोन वर्षांत बसवलं. जिओसावन, गाना, विंक, पुढे २०१९मध्ये स्पॉटिफाय. आणि सगळ्यांच्या वर यूट्यूब. गुरांच्या गोठ्यात धार काढतानाही फोन खिशात वाजतो आहे. आमच्या आजोबांना कांदा विकून आणावा लागला होता तो डबा प्रत्येकाच्या खिशात गेला.

एका दिवाळीत सगळे गावी जमलो असताना भाचीने एका अॅपवर थापलिंगचा खंडोबा शोधला आणि अण्णाचा आवाज बाहेर पडला. ओसरीवर सगळे गप्प झाले. तीस वर्षांपूर्वीचा, दमदार, कोवळा आवाज. अण्णा स्वतः ओट्यावर बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. ऐकून झाल्यावर म्हणाला, “ढोलकी तवा जरा पुढं पळत हुती.” गाण्यापुढे आकडा होता, सहा अंकी. आणि नाव? गायक म्हणून कंपनीचंच.

भाची सनदी लेखापाल. तिने मग आम्हाला हे सगळं कागदावर मांडून समजावलं. गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तर बहुतेक ठिकाणी ते एकदा वाजलं असं धरतात. अॅपला जाहिरातीचा आणि वर्गणीचा जो पैसा येतो तो एका राशीत जमा होतो. एकूण वाजण्यात ज्या गाण्याचा जितका हिस्सा, तितका वाटा ठरतो. हा वाटा जातो ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, म्हणजे कंपनीला; गाणाऱ्याला त्यातलं काय, ते त्याच्या कागदावर अवलंबून. अण्णाच्या कागदावर त्याने सगळं एकदाच विकलेलं. गीतकार आणि संगीतकाराचं तसं नाही. २०१२मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला आणि त्यांचा रॉयल्टीतला वाटा आता लिहून घेता येत नाही. अण्णाने शब्द आणि चाल दोन्ही केलेली, पण त्याची सही त्याआधीची. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे त्याची नोंदणी करायची खटपट भाची करते आहे आणि कागद वकिलाकडे आहे. “पैशाचं ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणतो, “नाव तेवढं लाव.”

अण्णाचा नातू या बाबतीत शहाणा झालेला आहे. त्याने बैलगाड्यावर गाणं केलं. बैलगाडा शर्यतींवर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा तो शाळेत होता. डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने ती कायम केली. त्या सात वर्षांत आमच्याकडे घाट ओस पडले होते, त्यामुळे शर्यत परत आली तशी बैलगाड्याची गाणीही पुरासारखी आली. नातवाने मित्राच्या खोलीत गाणं भरलं, घाटात चित्रीकरण केलं आणि स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकलं. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं झाल्यावर जाहिरातीचा पैसा सुरू होतो, त्यातले शंभरातले पंचावन्न चॅनलवाल्याला. गाणं रचतानाच त्याने पहिल्या वीस सेकंदांत पुकारा घातला, कारण रीलला तेवढंच लागतं. अण्णाला हे पटलं नाही. आधी देवाला नमन, मग पुकारा, असं तो म्हणाला. मला दोघांचंही कळतं. तबकडीने कडवी छाटली, रीलने नमन छाटलं.

जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४मध्ये रीलवरूनच देशभर गेलं. मराठी न कळणारे लोक त्यावर नाचले. आमच्या नातवासारख्या हजारो पोरांच्या डोळ्यांपुढे तो आहे. पण नातवाच्या वहीत बघितलं तर यूट्यूबचे वर्षाचे पैसे एका यात्रेच्या सुपारीला पुरे पडत नाहीत. लोक त्याला ओळखतात फोनमुळे आणि पैसे देतात मैदानात. अण्णाचं तेच होतं. विठाबाईंचं तेच होतं.

हे आम्हाला सर्वांत स्पष्ट कळलं ते २०२० आणि २१मध्ये. दोन चैत्र कोरडे गेले. यात्रा बंद, राहुट्या नाहीत. घराघरात फोनवर जितकं गाणं त्या दोन वर्षांत ऐकलं गेलं तितकं कधी ऐकलं गेलं नसेल, आणि त्याच दिवसांत फडातली माणसं मजुरीला जात होती. आमच्या टोमॅटोच्या तोडणीला एक बाई आली होती. दुपारी भाकरी खाताना ती सहज गुणगुणली आणि वहिनीने तो आवाज ओळखला. दोन वर्षांपूर्वीच्या हजेरीत ती पहिल्या ओळीत होती. वहिनीने तिला फोनवर तिच्याच फडाची क्लिप दाखवली. पन्नास हजार लोकांनी पाहिलेली. कुणीतरी प्रेक्षकातून चित्रित करून टाकलेली, त्यामुळे जो काही पैसा असेल तो त्या टाकणाऱ्याचा. तिने ती क्लिप दोनदा बघितली, फोन परत दिला आणि क्रेट उचलायला गेली.

आमच्या गावाहून खोडद जवळ. तिथे जीएमआरटीची दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन बघायला पोरांची रीघ लागते. गोविंद स्वरूप यांनी ती इथे उभारली, एक कारण असं की डोंगरांच्या या खोलगटात माणसांच्या लहरींचा गलबला कमी. आजी त्या थाळ्यांना ‘देवाचा रेडिओ’ म्हणायची. फार फार दुरून येणारा अगदी बारीक आवाजही तिथे मोजला जातो, नोंदला जातो, कुठून आला ते लिहून ठेवलं जातं. अण्णाचं नाव मात्र त्याच्या गाण्यापुढून पुसलं गेलं, तेही त्याच मुलखात.

मर्फी अजून माजघरात आहे. सेल घातले तर खरखरतो.

आता पाडवा आला की नारायणगावात राहुट्या लागतील आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला जातील. त्यांना आमच्या घराची विनंती: घासाघीस थोडी कमी करा, आणि ठरलेली रक्कम हजेरी संपायच्या आत फडाच्या हातात पुरी ठेवा. आणि वाचकहो, तुमच्या फोनमध्ये तुमच्या भागातल्या कुणाचं गाणं असेल तर ते त्याच्या स्वतःच्या चॅनलवर जाऊन ऐका, आणि पुढे पाठवताना त्याचं नाव लिहून पाठवा.